एनएच ४४ आणि पेंच: रस्ता रुंद झाला, वाघ खालून जायला लागले, पण मधल्या वर्षांत नक्की काय ठरलं

नागपूरहून जबलपूरकडे ज्यांनी गाडीने प्रवास केलाय त्यांना हा पट्टा पाठ असेल. मनसरला रामटेकचा फाटा मागे टाकला की दोन्ही बाजूंनी सागवान सुरू होतो, मग चोरबाहुली, पवनी, देवलापार करत खवासा, तिथे राज्य बदलतं, आणि पुढे कुरईचा घाट चढून सिवनी. आज इथे चौपदरी रस्ता आहे आणि मध्येमध्ये रस्ता जमिनीपासून उचललेला दिसतो. बऱ्याच लोकांना वाटतं खाली नदी असेल. नदी नाही, बहुतेक ठिकाणी साधा नाला असतो किंवा काहीच नसतं, नुसतं जंगल. ते पूल जनावरांसाठी आहेत.

या प्रकरणाबद्दल पेपरात "भारतातला पहिला असा हायवे" छापाचं कौतुक खूप झालंय, ते चुकीचं नाही, पण त्यात निर्णय कसे झाले ते हरवतं. म्हणून हे लिहितोय. अधिकारी, कंत्राटदार, कार्यकर्ते यांची नावं मुद्दाम टाळलीयेत, कारण मुद्दा माणसांचा नाही. जिथे मंत्री होते तिथे ते सार्वजनिकच आहे.

पार्श्वभूमी

रस्ता जुना आहे. पूर्वी याला एनएच ७ म्हणायचे, वाराणसी ते कन्याकुमारी, नंतर नंबर बदलून ४४ झाला. उत्तर दक्षिण कॉरिडॉर चौपदरी करायचा ठरला त्यात हा तुकडाही आला. गंमत बघा, रस्तेवाल्यांचा पण कॉरिडॉर आणि जंगलवाल्यांचा पण कॉरिडॉर, म्हणजे जनावरांनी एका जंगलातून दुसऱ्यात जायचा जंगलपट्टा, आणि दोन्ही एकमेकांना जवळपास काटकोनात छेदतात.

रस्त्याच्या पश्चिमेला पेंच व्याघ्र प्रकल्प, मध्य प्रदेशचा आणि महाराष्ट्राचा दोन्ही. पूर्वेला प्रादेशिक वनविभागाचं जंगल, गावं, शेतं, आणि तसंच तुटक तुटक पुढे जात राहिलं की कान्हा. खाली आग्नेयेकडे नागझिरा, पण तो पट्टा बराच विरळ झालाय. म्हणजे पेंचचा वाघ कान्हाकडे जायला निघाला तर त्याला हा रस्ता ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही.

आणि वाघ निघतोच. नर साधारण दोन वर्षांचा झाला की आईच्या हद्दीतून बाहेर पडतो, जागा शोधत फिरतो. पेंच एकट्याने फार मोठं नाही. २०२२ च्या गणनेत कान्हात १०५ आणि मध्य प्रदेशच्या पेंचमध्ये ७७ वाघ धरले होते, आकडे छान आहेत, पण अशा बेटांवर पन्नास पंच्याहत्तर जनावरं पिढ्यानपिढ्या आपसातच वाढत राहिली तर जवळच्या नात्यातच संकर होऊन वंश कमकुवत होत जातो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक डीएनए अभ्यास आहे, कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट इथल्या वाघांच्या विष्ठेवरून केलेला. त्यात साधारण हेच दिसलं की जिथे मधला जंगलपट्टा शाबूत तिथे वाघांची देवघेव चालू, जिथे पट्टा तुटला तिथे ती घटलेली.

अजून एक गोष्ट जी सदाहरित जंगलात एवढी जाणवत नाही. हे कोरडं पानझडी जंगल आहे. सागाची पानं उन्हाळ्याच्या तोंडावर गळून जातात, मे महिन्यात जंगल आरपार दिसतं, लपायला आडोसा फक्त नाल्याकाठी उरतो कारण तिथे थोडी ओल असते, जांभूळ अर्जुन वगैरे हिरवं असतं. पाणीही तिथेच, डोहात. त्यामुळे नाला हीच जनावरांची वाट असते, आणि रस्ता त्या नाल्यांना आडवा जातो. हे लक्षात ठेवा, पुढे पुलांच्या जागा ठरवताना हेच कामाला येतं.

अडचण नक्की काय होती

वरवर बघितलं तर "रस्त्यावर जनावरं मरतात" ही अडचण. ती होतीच, चितळ, माकडं, रानमांजरं, अधूनमधून बिबट्या. पण खरी अडचण थोडी वेगळी आहे आणि ती मीटिंगमध्ये समजावून सांगणं फार जड जातं.

दोन पदरी खड्ड्यांच्या रस्त्यावर जनावर ओलांडतं, काही मरतात, बरीच पार होतात. तोच रस्ता चौपदरी केला, मध्ये डिव्हायडर टाकला, ट्रक ताशी ऐंशीने सलग धावायला लागले, की सुरुवातीला मरणारी संख्या वाढते आणि मग कमी होते. कमी झाली म्हणून बरं झालं असं कोणालाही वाटेल, पण ती यासाठी कमी होते की जनावरांनी रस्त्याजवळ येणंच सोडलेलं असतं. मेलेली जनावरं मोजून कॉरिडॉरची तब्येत सांगता येत नाही. ज्या दिवशी रोडकिल शून्य होईल त्या दिवशी कदाचित कॉरिडॉर संपलेला असेल.

दुसऱ्या बाजूने, रस्त्याची अवस्था खरंच भयंकर होती. परवानगीच्या भानगडीत हा तुकडा अडकला, बाकी हायवे झाला, इथे मात्र वर्षानुवर्षं खड्डे, रात्री ट्रकांच्या रांगा, अपघात. सिवनीच्या लोकांचा संताप रास्त होता, जिल्ह्याचं हॉस्पिटलचं, बाजाराचं सगळं नागपूरवर अवलंबून, आणि त्यांना सांगितलं जायचं की वाघामुळे रस्ता होत नाही. अशाने वाघाचे शत्रू तयार होतात. जंगलाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा भाग नेहमी हलका घेतला असं माझं मत आहे.

पर्याय जे टेबलावर होते

पहिला पर्याय, रुंद करूच नका, आहे तो नीट डांबरी करा आणि रात्री बंद ठेवा. याला उदाहरण होतं, कर्नाटकात बंदीपूरमधून जाणाऱ्या रस्त्यावर २००९ पासून रात्रीची बंदी आहे. पण बंदीपूरच्या रस्त्याला पर्यायी वाट होती आणि तो देशाचा कणा नव्हता. इथे काश्मीर कन्याकुमारी ट्रक वाहतूक रात्रीच चालते. एनएचएआयने, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने, हे कधी गांभीर्याने घेतलं असेल असं वाटत नाही.

दुसरा, रस्ता छिंदवाड्यावरून फिरवा, नागपूर सावनेर सौंसर छिंदवाडा असा. सुप्रीम कोर्टापुढे प्रकरण गेलं तेव्हा कोर्टाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीसमोर हा पर्याय गांभीर्याने आला होता. आणि इथे राजकारण घुसलं. तेव्हा रस्ते वाहतूक खात्याचे मंत्री कमलनाथ, आणि छिंदवाडा त्यांचाच मतदारसंघ, पर्यावरण मंत्री जयराम रमेश पेंचमधून रुंदीकरणाच्या विरोधात. सिवनीत लोकांना वाटलं आपला रस्ता पळवून नेतायत, मोठी आंदोलनं झाली. त्या गोंधळात एक साधी गोष्ट फारशी कोणी बोललंच नाही, की छिंदवाड्याचा रस्ता सुद्धा एका कॉरिडॉरमधूनच जातो, पेंच ते सातपुडा. म्हणजे एक पट्टा वाचवायला दुसरा कापायचा. शिवाय छिंदवाड्याकडून रस्ता झाला तरी सिवनीचा जुना रस्ता काही बंद होणार नव्हता, त्यावरची ट्रक थोडी कमी झाली असती इतकंच.

तिसरा, जंगलाचा पूर्ण पट्टा सलग उड्डाणपुलावरून न्या. जनावरांसाठी सगळ्यात चांगला, खर्च ऐकूनच फाईल मिटली.

चौथा, जो रस्तेवाल्यांना सोयीचा होता, ठराविक अंतरावर नेहमीच्या मापाचे बॉक्स कल्व्हर्ट, म्हणजे रस्त्याखालच्या चौकोनी सिमेंटच्या मोऱ्या, टाकायचे आणि त्यांनाच "प्राण्यांचा भुयारी मार्ग" म्हणायचं. कागदावर दिसायला छान.

पाचवा, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने, म्हणजे डब्ल्यूआयआयने सुचवलेला, मोजक्या पण मोठ्या उंच रुंद रचना, जिथे जनावरं खरंच ओलांडतात तिथेच.

पर्याय चार आणि पाच यातला फरक इथे समजून घ्यायला पाहिजे, कारण पूर्ण प्रकरण त्याच्यावरच फिरतं. वाघ किंवा बिबट्या वेळ पडली तर अरुंद कल्व्हर्टमधूनही जाईल. चितळाचा कळप जाणार नाही, रानगवा तर नाहीच, त्यांना पलीकडचा उजेड दिसायला लागतो, वर आभाळ नसलं तरी बाजूला मोकळं लागतं. मग कोणी म्हणेल, वाघ गेला की झालं, आपल्याला वाघच न्यायचाय ना. पण पलीकडच्या जंगलात चितळ सांबर टिकलं नाही तर वाघ तिकडे गेल्यावर गावातली गुरंच खाणार. आणि गुरं खाणारा वाघ फार दिवस जगत नाही, विजेची तार किंवा विष. तेव्हा रचना शाकाहारी जनावराच्या मापाने करायची, वाघाच्या नाही. मला वाटतं सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा तांत्रिक निर्णय हाच.

काय केलं गेलं

घटनाक्रम सरळ नाहीये. महाराष्ट्राच्या बाजूला, म्हणजे मनसर ते खवासा या साधारण ३७ किलोमीटरच्या तुकड्यात, २०१५ च्या सुमारास एक विचित्र परिस्थिती झाली. मुंबई हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ रस्त्याची दुर्दशा बघून काम पुढे न्या म्हणत होतं, आणि त्याच वेळी एनजीटीत, म्हणजे राष्ट्रीय हरित लवादात, झाडतोडीविरुद्ध केस चालू होती. दोन न्यायपीठं, एकच रस्ता. झाडं कापणारा ठेकेदार नक्की कोणाचं ऐकणार! शेवटी काम पुढे गेलं, पण या खेचाखेचीचा एक फायदा झाला, एनएचएआयला कळलं की रचना नीट केल्याशिवाय हे प्रकरण सुटणार नाही. डब्ल्यूआयआयची मापं कितीही महाग वाटली तरी दरवेळी कोर्टात जाण्यापेक्षा स्वस्त. मला विचाराल तर शास्त्रज्ञांच्या रिपोर्टने जेवढं झालं त्यापेक्षा उशिराच्या भीतीने जास्त झालं.

कायद्याचा आधारही होता. २००६ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन कलम ३८ ओ आलं, त्यात व्याघ्र प्रकल्पांना जोडणारी क्षेत्रं सुद्धा एनटीसीएच्या (राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या) सल्ल्याशिवाय आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या मान्यतेशिवाय दुसऱ्या कामाला वळवता येत नाहीत असं आहे. या कलमाने पहिल्यांदा "मधल्या" जमिनीला कायद्यात जागा मिळाली. पुढे २०१४ मध्ये एनटीसीए आणि डब्ल्यूआयआयने मिळून देशातल्या ३२ मोठ्या व्याघ्र कॉरिडॉरचा नकाशा काढला, त्यामुळे "कॉरिडॉर कुठाय दाखवा" या प्रश्नाला बोट ठेवायला काहीतरी झालं.

महाराष्ट्रातल्या जंगलपट्ट्यात शेवटी नऊ रचना झाल्या, पाच खास जनावरांसाठीचे अंडरपास आणि चार छोटे पूल, लांबी ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत. ते चार छोटे पूल म्हणजे मी वर म्हटलेले नाले. पावसाळा सोडला तर ते कोरडेच असतात, मग पूल थोडा लांब आणि उंच केला, नाल्याच्या दोन्ही काठांची कोरडी जमीन पुलाखाली राहू दिली, की वर्षातले आठ नऊ महिने तो अंडरपासच. कोरड्या प्रदेशातली ही सगळ्यात स्वस्त युक्ती आहे आणि आजही अनेक ठिकाणी नाल्यावर जेमतेम पाण्यापुरता पाईप टाकून मोकळे होतात.

पलीकडे मध्य प्रदेशात खवासा सिवनी भागात काम नंतर झालं. तिथे अंडरपाससोबत रस्त्याच्या कडेला आवाज आणि हेडलाईट अडवणाऱ्या उंच भिंती लावल्या. महाराष्ट्राच्या वेळी प्रकाशाचा विचार इतका झाला नव्हता, म्हणजे पहिल्या तुकड्यातून दुसऱ्याने शिकलं असं म्हणायला जागा आहे.

निकाल

इथे एक काम चांगलं झालं, जे आपल्याकडे सहसा होत नाही. रचना बांधून रिबीन कापून सगळे घरी गेले असं झालं नाही. २०१९ मध्ये मार्च ते डिसेंबर डब्ल्यूआयआयने पुलांखाली कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले. जंगली जनावरांचे ५,४५० फोटो आले, १८ प्रजाती, त्यात वाघ ८९ वेळा. पट्ट्यांवरून ओळख पटवली तर ते ११ वेगवेगळे वाघ निघाले. चितळ सगळ्यात जास्त, शिवाय नीलगाय, रानडुक्कर, सांबर, रानगवा, रानकुत्रे, बिबट्या. रानगवा खालून गेला हे माझ्या दृष्टीने वाघापेक्षा मोठी बातमी, पण हेडलाईन अर्थातच वाघाची झाली.

आता हे आकडे कसे वाचायचे. ११ वाघ पुलाखालून गेले म्हणजे ११ वाघ कान्हाला पोचले असं नाही. यातले बरेच त्याच भागात हद्द असलेले असणार, त्यांच्यासाठी रस्ता घराच्या मधून जातो आणि ते रोजच्यासारखे ये जा करतात. ते चांगलंच आहे, म्हणजे रस्ता त्यांना भिंत वाटत नाही. पण कॉरिडॉर चालू आहे हे सिद्ध व्हायला पेंचमध्ये जन्मलेला वाघ कान्हाच्या बाजूला पिल्लं घालताना दिसायला हवा, आणि त्याला कॅमेरे पुलाखाली लावून भागत नाही, दोन्ही टोकांना आणि मधल्या प्रादेशिक जंगलात वर्षानुवर्षं फोटो जुळवत बसावं लागतं.

दुसरं, पुलाखालून फक्त जनावरं जात नाहीत. माणसं आणि गुरंही जातात, आणि का जाऊ नयेत, चौपदरी रस्ता त्यांच्याही वाटेत आलाय. मार्च एप्रिलमध्ये मोह वेचायला लोक पहाटे अंधारात निघतात, मे मध्ये तेंदूपत्ता, तेव्हा पलीकडे जायची सोपी वाट तीच. वाघाची आणि बाईमाणसांची वाट एकच आणि वेळही जवळजवळ एकच, हे डिझाईनमध्ये कोणी धरलं होतं असं दिसत नाही. गावाजवळच्या जागी माणसांसाठी वेगळा पादचारी बोगदा दिला असता तर रस्त्याच्या एकूण खर्चात तो कळलाही नसता.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा सगळ्यात सुरुवातीची. उत्तर दक्षिण कॉरिडॉरची आखणी झाली तेव्हाच मध्य भारताच्या जंगलाचा नकाशा त्याच्यावर ठेवला असता तर पेंचवरून आणि छिंदवाड्यावरून असे दोन्ही रस्ते एकत्र तोलता आले असते, ट्रक कुठून न्यायचे, लोकल वाहतूक कुठून. झालं उलटं. रस्ता दोन्ही बाजूंनी बांधत आणला, मधला तुकडा शेवटी ठेवला आणि मग म्हटलं आता एवढा झालाय तर हा पण होऊ द्या. तेव्हा पर्याय उरलेला नसतो, फक्त नुकसान कमी कसं करायचं एवढंच. समृद्धी महामार्गाच्या वेळी जनावरांसाठीच्या रचना मूळ आराखड्यातच धरल्या होत्या, तो फरक पेंचच्या भांडणातूनच आला असं मी मानतो.

दुसरी, वन्यजीवप्रेमींनी किती काळ "रुंदीकरण नकोच" वर अडून राहायचं. यावर आमच्यात अजूनही वाद होतात. एक बाजू म्हणते की सुरुवातीपासून नकार दिला नसता तर ७५० मीटरचा पूल कधीच मिळाला नसता, बॉक्स कल्व्हर्टवर भागवलं असतं. मला हे बरंचसं पटतं. पण त्या काळात सिवनीच्या लोकांशी कोणी बसून बोललं नाही, "तुम्हाला रस्ता मिळेल, असा मिळेल, तोपर्यंत खड्डे बुजवून देऊ" एवढं सांगायलाही कोणी नव्हतं. अंतरिम दुरुस्तीला परवानगी लवकर दिली असती तर कोर्टात जे "लोक विरुद्ध वाघ" चित्र उभं राहिलं ते राहिलं नसतं.

तिसरी जागा मोठी आणि अजून उघडीच आहे. पूल बांधला तो सरकारी जमिनीवर. त्या पुलाच्या तोंडापासून पुढे दोन पाच किलोमीटरवर काय आहे? काही ठिकाणी राखीव जंगल, काही ठिकाणी महसूल जमीन, काही ठिकाणी खाजगी शेत. रस्ता चांगला झाला की ढाबा येतो, मग पेट्रोल पंप, मग प्लॉटिंग, पेंचच्या तुरिया प्रवेशद्वाराच्या बाजूला रिसॉर्ट तर आहेतच. उद्या अंडरपासच्या बरोबर समोर कोणी कंपाउंड टाकलं तर एवढा खर्च करून बांधलेला पूल म्हणजे विहीर खणून दोर न घेतल्यासारखं. एनएचएआयचा संबंध रस्त्याच्या हद्दीपुरता, वनखात्याचा जंगलापुरता, आणि अकृषक परवानगी देणारं महसूल खातं या मीटिंगांमध्ये क्वचितच दिसतं. रचनांना मंजुरी देताना प्रत्येक तोंडासमोरचे सर्व्हे नंबर लिहून तिथे बांधकाम परवानगी थांबवायची अट त्याच कागदात घालता आली असती. त्या शेतकऱ्याला त्याबद्दल वर्षाला भाडं द्यायचं, पिकाचं नुकसान भरून द्यायचं, हे सगळं त्या पुलांच्या खर्चापुढे चिल्लर आहे.

चौथी, एकच रस्ता बघणं. कान्हा पेंच पट्ट्यातून गोंदिया जबलपूर रेल्वे पण जाते, ती नॅरोगेज होती, आता ब्रॉडगेज झाली, म्हणजे गाड्या जास्त आणि वेगात. वाघ एनएच ४४ च्या खालून सुखरूप गेला आणि पुढे रुळावर सापडला तर काय उपयोग. आपल्याकडे चंद्रपूरजवळ जुनोनाच्या जंगलात नोव्हेंबर २०१८ मध्ये तीन बछडे एकाच ट्रेनखाली गेले, ते काही फार लांबचं उदाहरण नाही. तिकडे गोसीखुर्दचे कालवे, सिमेंटच्या उताराचे, जनावर पडलं की वर येत नाही. प्रत्येक प्रकल्पाची फाईल वेगळी, मंजुरी वेगळी, आणि प्रत्येक फाईलमध्ये लिहिलेलं असतं की एकट्या या प्रकल्पाने फारसा परिणाम होणार नाही. प्रत्येक फाईल खरंच बोलत असते म्हणूनच हे पकडणं अवघड आहे. पट्ट्यातल्या सगळ्या रस्ते, रेल्वे, कालवे, वीजलाईनी यांचा एकत्र हिशोब ठेवणारं एक टेबल नागपूरला किंवा जबलपूरला असायला हवं होतं, सुरुवातीलाच, आणि आजही करायला हरकत नाही.

शेवटचं कॅमेऱ्यांचं. मॉनिटरिंगचे पैसे सहसा प्रकल्पाच्या खर्चातून काही वर्षांपुरते येतात, आणि जनावरांना नवीन रचनेची सवय व्हायलाच दोन तीन वर्षं जातात. टोलची वसुली मात्र त्याच्या कितीतरी पुढे चालू राहते. त्या टोलमधून दर गाडीमागे काही पैसे बाजूला काढून टोल चालू असेपर्यंत कॅमेरे चालू ठेवायचे, फोटो दोन्ही राज्यांच्या वनखात्यांनी एका ठिकाणी जुळवायचे, अशी अट नवीन कंत्राटात घालणं अवघड नाही. खवासाच्या अलीकडचा वाघ आणि पलीकडचा वाघ एकच आहे का हे तपासायला दोन राज्यांच्या परवानग्या लागू नयेत.